धारकाचे कर्ते : दंतनियमनाच्या उपकरणांचा एक दुर्लक्षित इतिहास

१

हॉली, अ‍ॅडम्स, कॉफिन, अँड्रेसेन ही मुळात माणसांची नावे आहेत, याचा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला बहुधा विसर पडलेला असतो. त्याच्या लेखी ‘हॉली’ ही टाळूवर बसणारी एक पट्टी असते. ‘अ‍ॅडम्स’ ही दाढेला पकडणारी तारेची आकडी असते. आणि ‘कॉफिन’ ही इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या वळणाची एक स्प्रिंग असते. विशेषनामाचे असे सामान्यनाम होणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला नवे नाही. व्होल्ट आणि अँपिअर यांची कथा याहून वेगळी नाही. परंतु व्होल्ट हे एक परिमाण आहे. ते कोणाला हातांनी घडवावे लागत नाही. हॉलीची पट्टी मात्र प्रत्येक रुग्णासाठी नव्याने घडवावी लागते, आणि ती घडविणारा मनुष्य हॉली तर नव्हेच, पण बहुतेक वेळा ती रुग्णाच्या तोंडात बसविणारा दंतवैद्यही नव्हे. तो दंतप्रयोगशाळेतील कारागीर होय. या कारागिराचे नाव उपकरणाला नाही, पाठ्यपुस्तकाला नाही आणि इतिहासालाही नाही.

वाकडे आलेले दात ओळीत आणणारी व आणलेले दात जागच्या जागी धरून ठेवणारी उपकरणे प्रयोगशाळेतील कामाच्या टेबलावर कशी घडत आली, आणि त्या घडणीचा या विद्येच्या वाटचालीवर काय परिणाम झाला, हे पाहणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या विद्येला हल्ली सर्वत्र ‘ऑर्थोडॉण्टिक्स’ म्हणतात. ‘सरळ’ आणि ‘दात’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव एकोणिसाव्या शतकात बनले. त्यापूर्वी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, इंग्रजी व जर्मन ग्रंथकार ‘दातांचे नियमन’ असाच शब्दप्रयोग करीत. तो जुना प्रयोग आशयाला अधिक जवळचा वाटत असल्यामुळे येथे ‘दंतनियमन’ हा शब्द स्वीकारला आहे. ‘रिटेनर’ला ‘धारक’ म्हटले आहे.

२

दंतनियमनाच्या लिखित इतिहासाचा आरंभ सामान्यतः पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यापासून करतात. १७२८ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात दात ओळीत आणण्यासाठी वापरावयाच्या एका धातूच्या पट्टीचे वर्णन आहे. पट्टीला भोके पाडलेली असत व वाकडे दात दोऱ्याने तिला बांधले जात. हे काम तत्त्वतः सोनाराचे होते. पुढील शंभर वर्षेही दंतवैद्याच्या उपकरणांची सामग्री म्हणजे सोने, रुपे आणि हस्तिदंत हीच राहिली. पत्रा ठोकून टाळूच्या आकाराचा करावयाचा किंवा दंत कोरून काढावयाचा, आणि तो नीट बसेपर्यंत पुनःपुन्हा घासावयाचा, अशी ही रीत होती. तीत वेळ फार जाई, खर्च फार होई, आणि बसणी अचूक येण्याची शाश्वती नसे.

या स्थितीत पालट झाला तो रबरामुळे. चार्ल्स गुडइयर याला गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याच्या रीतीचे अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळाले, आणि १८५१ मध्ये त्याचा भाऊ नेल्सन याने कठीण रबराचे पेटंट घेतले. हे कठीण रबर, म्हणजेच व्हल्कनाइट, लवकरच कवळ्यांसाठी वापरात आले. त्याचे मर्म असे की, ते भाजण्यापूर्वी मऊ असते. तोंडाच्या ठशावरून प्लास्टरचा साचा तयार करावा, त्यावर मेणाची पट्टी रचावी, ती धातूच्या पेटीत प्लास्टरमध्ये पुरावी, मेण वितळवून काढावे, त्या पोकळीत मऊ रबर दाबून भरावे आणि बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली सुमारे १६० अंश सेल्सिअसला तासाभराहून अधिक काळ भाजावे, म्हणजे टाळूच्या प्रत्येक वळीशी जुळणारी कठीण पट्टी हाती येई. सोनाराच्या कामाची जागा आता ओतकामाने घेतली.

या द्रव्यावरील मालकी हक्काचा इतिहास कटू आहे. अमेरिकेत व्हल्कनाइटच्या पेटंटधारक कंपनीने दंतवैद्यांकडून परवान्याचे शुल्क वसूल करण्यासाठी अनेक वर्षे खटले चालविले. १८७९ मध्ये त्या कंपनीचा कोषाध्यक्ष जोसाया बेकन याचा सॅन फ्रॅन्सिस्को येथे सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने गोळी घालून खून केला. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि व्हल्कनाइट सर्वांना मोकळे झाले. त्याच वर्षी लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत वॉल्टर कॉफिन याने आपली विस्तारक पट्टी मांडली. ती व्हल्कनाइटची असून मधोमध चिरलेली होती, आणि तिच्या दोन भागांना जोडणारी पियानोच्या पोलादी तारेची स्प्रिंग त्यांना हळूहळू दूर लोटीत असे. काढघाल करता येणाऱ्या पट्टीत तार पुरून तिच्या लवचिकतेने दात हलविणे ही पुढील शतकभराच्या कामाची रीत येथे सिद्ध झालेली दिसते.

व्हल्कनाइटच्या प्रसाराबरोबर श्रमविभागही आला. रबर भाजण्याच्या भांड्यापाशी तासन्‌तास बसणे दंतवैद्याला परवडणारे नव्हते. १८८० च्या दशकात बॉस्टन येथे डब्ल्यू. एच. स्टो याने इतर दंतवैद्यांची कामे मोबदला घेऊन करून देणारी प्रयोगशाळा चालविली. अशा प्रयोगशाळा पुढे सर्वत्र निघाल्या. तोंड पाहणारा एक आणि साचा पाहणारा दुसरा, ही विभागणी तेव्हापासून रूढ झाली. साचा पाहणाऱ्याला रुग्ण दिसत नाही. त्याला प्लास्टर आणि सोबत आलेली चिठ्ठी एवढेच दिसते.

३

दात हलविणे आणि हलविलेले दात टिकविणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. दात सरकला की हे तंतू ताणले जातात व त्यांची फेररचना व्हावी लागते. मुळाभोवतीच्या तंतूंना त्यासाठी तीन-चार महिने पुरतात. हिरडीतील काही लवचिक तंतूंना वर्षभरही लागते. तोवर दाताची ओढ मूळ जागेकडे राहते. म्हणून उपचार संपल्यावर धारक आवश्यक ठरतो.

चार्ल्स हॉली या अमेरिकन दंतवैद्याने १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेला काढता येणारा धारक आजही जगभर बनविला जातो. त्याची रचना साधी आहे : टाळूवर बसणारी पट्टी, दाढांना धरणाऱ्या आकड्या, आणि पटाशीच्या दातांवरून ओठाच्या बाजूने जाणारी तारेची कमान. द्रव्ये बदलली, आकड्या बदलल्या, परंतु शंभर वर्षांहून अधिक काळ ही रचना टिकून आहे.

धारक दात केवळ जागेवर धरतो, या समजुतीला धक्का देणारी एक घटना याच्याही आधी डेन्मार्कमध्ये घडली होती. व्हिगो अँड्रेसेन याने १९०८ मध्ये स्वतःच्या मुलीच्या दातांवरील स्थिर उपकरणे उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती काढून त्यांच्या जागी एक धारक पट्टी दिली. तिला खालच्या दातांच्या आतील बाजूस एक अशी कड ठेवली होती की, तोंड मिटताना खालचा जबडा किंचित पुढे यावा. सुट्टीनंतर पाहता जबड्यांचा परस्परसंबंध सुधारलेला आढळला. मिळविलेले गमावू नये म्हणून दिलेल्या पट्टीने आणखी काही मिळवून दिले होते. अँड्रेसेनने या उपकरणाला प्रारंभी जे नाव दिले त्यात ‘रिटेनर’ हाच शब्द होता, त्याला ‘जैवयांत्रिक’ व ‘कार्यकारी’ अशी विशेषणे जोडलेली होती. पुढे ऑस्लो येथे कार्ल हॉयप्ल याच्या सहकार्याने त्याने या पद्धतीची मांडणी केली, १९३६ मध्ये त्यांचा जर्मन ग्रंथ निघाला, आणि उपकरण ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ म्हणून प्रसिद्धीस आले. धरणाऱ्याचा प्रेरक झाला, आणि नावातून ‘धरणे’ गळून पडले. वस्तूचे कार्य बदलल्यावर नाव काही काळ मागे रेंगाळते व मग एकदम बदलते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दंतनियमनाच्या दोन परंपरा झाल्या. अमेरिकेत एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) याने दातांवर पक्क्या बसविलेल्या पट्ट्या व कमानी यांची पद्धती उभारली. तिचे सुटे भाग कारखान्यात ठरीव मापांनी बनत व तयार विकत मिळत. दंतवैद्य ते रुग्णाच्या तोंडातच जुळवी. त्यामुळे प्रयोगशाळेतील कारागिराला या पद्धतीत फारसे काम उरत नसे. युरोपात मात्र काढघालीच्या पट्ट्यांचेच राज्य दीर्घकाळ राहिले. अँगलचा प्रभाव तेथे कमी होता. सार्वजनिक आरोग्ययोजनांमुळे थोड्या खर्चात पुष्कळ मुलांवर उपचार करणे भाग होते. आणि मौल्यवान धातूंची टंचाई होती. ब्रिटनमध्ये जुलै १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा अशा पट्ट्यांची मागणी वाढणे स्वाभाविक होते. युरोपातील दंतनियमन या अर्थाने प्रयोगशाळेच्या टेबलावर उभे होते.

याच सुमारास त्या टेबलावरील दोन्ही मुख्य द्रव्ये बदलली. सोन्याच्या तारेची जागा निष्कलंक पोलादाने घेतली. जर्मनीत क्रुप कारखान्यात १९१२ मध्ये आणि इंग्लंडात शेफील्ड येथे १९१३ मध्ये या पोलादाचा शोध लागला होता. दंतनियमनात ते दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रुळले. व्हल्कनाइटची जागा १९३६–३७ पासून अ‍ॅक्रिलिकने घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर भाजल्याविना, साध्या तापमानाला घट्ट होणारे अ‍ॅक्रिलिक आले.

द्रव्य बदलले की हाताची शिस्त बदलते. सोन्याची तार तापवून मऊ करता येते, पुन्हा कठीण करता येते, सहज डाख देऊन जोडता येते. चूक दुरुस्त होते. पोलादाची तार थंड स्थितीतच वाकवावी लागते. प्रत्येक वाकणीबरोबर ती त्या जागी अधिक ताठ होते, आणि तेथेच पुनःपुन्हा वाकविल्यास तुटते. तापविली तर तिची लवचिकता जाते व ती काही केल्या परत येत नाही. अर्थात पोलादाच्या तारेला वळण पहिल्याच खेपेस बरोबर द्यावे लागते. ग्रंथ हे एका ओळीत सांगतात. कारागिराला ते अंगवळणी पडण्यास वर्षे लागतात.

ब्रिटिश दंतवैद्य फिलिप अ‍ॅडम्स याने १९५० च्या सुमारास पुढे आणलेल्या आकडीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. त्यापूर्वी व्हिएन्नाच्या श्वार्ट्स याची बाणाच्या टोकासारखी आकडी प्रचारात होती. तिची टोके दोन शेजारी दातांच्या मधल्या फटीत शिरत, आणि ती वळविण्यास खास पक्कड लागे. अ‍ॅडम्सने तीच कल्पना एका दातापुरती आणली. दाढेच्या गालाकडील बाजूस, पुढच्या व मागच्या कोपऱ्यांशी हिरडीलगत जी किंचित खोलवट जागा असते, तेथे तारेची दोन टोके बसतात. त्यांना जोडणारा सरळ पूल दातापासून थोडा दूर राहतो. ही आकडी ०.७ मिलिमीटर जाडीच्या तारेतून साध्या पकडीने वळविता येते. तिला ‘सुधारित बाणाग्र आकडी’, ‘लिव्हरपूल आकडी’, ‘सार्वत्रिक आकडी’ अशीही नावे होती : एक आकारावरून, एक स्थळावरून, एक उपयोगावरून. टिकले ते व्यक्तीचे नाव.

५

धारक आज प्रयोगशाळेत कसा घडतो, हे आता क्रमाने पाहू. दंतवैद्याने घेतलेला अल्जिनेटचा ठसा प्रथम हाती येतो. तो ओलसर फडक्यात ठेवून लवकर ओतावा लागतो. कारण त्यातील पाणी उडाले की तो आकसतो, आणि मग पुढचे सर्व काम अचूक होऊनही पट्टी तोंडात बसत नाही. ठशात दंतप्लास्टर ओतताना भांडे थरथरत्या फळीवर धरतात, जेणेकरून हवेचे बुडबुडे दाताच्या टोकाशी अडकू नयेत. साचा वाळला की तारकाम सुरू होते.

या टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागतो. लहान मुलाची दाढ पुरती वर आलेली नसेल तर आकडीची टोके ज्या खोलवट जागेत बसावयाची ती हिरडीखाली झाकलेली असते. अशा वेळी कारागीर साच्यावरील हिरडीचा भाग चाकूच्या टोकाने किंचित खरवडून तेथवर पोचतो. किती खरवडावे याला माप नाही. कमी खरवडले तर पट्टी सुटते; अधिक खरवडले तर तार मुलाच्या हिरडीत रुतते. ज्याने ते तोंड कधी पाहिलेले नाही, अशा माणसाने प्लास्टरवरून जिवंत हिरडीविषयी केलेले हे अनुमान असते.

आकड्यांनंतर ओठाकडील कमान वळवितात. ती पटाशीच्या दातांच्या मध्यभागावरून समपातळीत जाते, सुळ्यांपाशी दोन्हीकडे यू अक्षरासारखे वळण घेते, आणि सुळा व उपदाढ यांच्या मधून टाळूकडे उतरते. वरून जाताना ती समोरच्या जबड्याच्या दातांच्या आड येता कामा नये. टाळूकडील शेपटे प्लास्टरला चिकटवून ठेवीत नाहीत. अ‍ॅक्रिलिक त्यांच्या खालूनही वाहावे म्हणून बारीक फट राखतात. मग तारा बाहेरच्या बाजूने मेणाने पक्क्या करून साच्यावर विलगक द्रावणाचा थर देतात, आणि अ‍ॅक्रिलिकची भुकटी व द्रव आळीपाळीने थोडे थोडे शिंपडून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची पट्टी उभी करतात. द्रव अधिक झाला तर थर ओघळून टाळूच्या मध्यभागी साचतो. भुकटी अधिक झाली तर पट्टी ठिसूळ व सच्छिद्र होते. लगेच साचा कोमट पाण्याच्या बंद भांड्यात हवेच्या दाबाखाली ठेवतात. त्याने बुडबुडे दबतात व घट्ट होण्याची क्रिया पुरी होते. शेवटी कडा घासून, पटाशीच्या दातांमागील काठ नीट करून, प्युमिसच्या भुकटीने चकाकी देतात. टाळूला लागणारी बाजू मात्र घासीत नाहीत, कारण तिच्यावरच बसणी अवलंबून असते.

६

या सर्व वर्णनात भाषेचा एक विशेष डोळ्यांत भरतो. या विषयावरील इंग्रजी पुस्तकांत वाक्ये कर्मणी प्रयोगात असतात : ठसा ओतला जातो, तार वाकविली जाते, पट्टी चकाकविली जाते. कर्ता सांगितलेला नसतो. निदान व उपचाराच्या प्रकरणांत मात्र कर्ता उघड असतो. तेथे दंतवैद्य तपासतो, ठरवितो, बदलतो. शास्त्रीय गद्यात कर्मणी प्रयोग सर्वत्रच असतो हे खरे. परंतु एकाच पुस्तकात कर्ता कोठे राहतो व कोठे लोपतो याचा हिशेब केल्यास श्रमाची उतरंड दिसू लागते. प्रस्तुत लेखकही वरील परिच्छेदांत ‘कमान वळवितात’, ‘पाण्यात ठेवतात’ असेच लिहीत गेला, हे येथे मान्य केले पाहिजे. आपल्या भाषेतही कर्त्याला गुप्त ठेवण्याची सोय मुबलक आहे.

यावर असा आक्षेप येईल की, उपकरणाची कल्पना दंतवैद्याची. नाव त्याचेच असणे न्याय्य आहे. हा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु कोणती कल्पना टिकली, हे कामाच्या टेबलावर ठरले. श्वार्ट्सच्या आकडीहून अ‍ॅडम्सची आकडी अधिक रुळली, त्यात ती साध्या पकडीने वळते याचा मोठा वाटा आहे. अ‍ॅडम्सने स्वतः हे ओळखले होते. त्याने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘रचना आणि घडण’ हे दोन्ही शब्द शेजारी आहेत. संकल्पक आणि घडविणारा यांना एका पानावर आणणारे असे ग्रंथ थोडे आहेत.

कायद्याच्या भाषेचीही थोडी दखल घेऊ. भारतात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने कवळ्या व दंतोपकरणे बनविणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या व्यक्तीला ‘डेंटल मेकॅनिक’ अशी संज्ञा देऊन तिच्या नोंदणीची तरतूद केली. इंग्रजीत ‘मेकॅनिक’ हा शब्द पूर्वी हातकारागिराला लावीत. मराठी बोलणाऱ्याच्या कानाला मात्र तो मोटारीच्या गॅरेजची आठवण देतो. ब्रिटनमध्ये ‘मेकॅनिक’ मागे पडून ‘टेक्निशियन’ आला, आणि २००८ पासून त्यांची नोंदणी सक्तीची झाली. कायद्याने कर्त्याला नाव देण्यास एवढा काळ लागला. बोलभाषेने मात्र स्वतंत्र वाट काढली आहे. आपल्याकडे मुलाच्या दातांवर उपचार चालू असला की घरची मंडळी ‘दातांना तार लावली’ म्हणतात, आणि धारकाला ‘प्लेट’ किंवा ‘क्लिप’ म्हणतात. हॉलीचे नाव त्यांनी ऐकलेले नसते. लोकांनी उपकरण ओळखले ते त्याच्या द्रव्यावरून व आकारावरून, म्हणजे नकळत कारागिराच्या बाजूने.

७

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास एक निकडीचे कारण आहे. १९४५ मध्ये अमेरिकन दंतवैद्य एच. डी. केसलिंग याने प्लास्टरच्या साच्यातील दात बारीक करवतीने सुटे करून मेणात इष्ट जागी बसविले आणि त्यावरून एकसंध रबरी उपकरण घडविले. असे साचे क्रमाने बदलीत गेल्यास मोठे बदलही घडविता येतील, असे त्याने तेव्हाच सुचविले होते. ते काम हाताने करणे व्यवहार्य नव्हते. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या अलाइन कंपनीने संगणकाच्या साहाय्याने ते व्यवहार्य केले, आणि १९९९ पासून पारदर्शक आवरणांची मालिका बाजारात आली. धारकांच्या बाबतीतही प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून साच्यावर ओढून घेण्याची रीत १९७० च्या दशकापासून वाढत गेली. १९९३ मध्ये शेरिडन याने मांडलेला एसिक्स धारक याच जातीचा. त्यात तार नाही, आकडी नाही, शिंपडणे नाही. ठशाऐवजी तोंडाचे प्रकाशीय चित्र घेतले तर अल्जिनेट आणि प्लास्टर यांचीही गरज उरत नाही.

धारकाचे प्रयोजन मात्र वाढलेच आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांपैकी, धारक थांबविल्यावर किमान दहा वर्षांनी खालचे पुढील दात समाधानकारक स्थितीत राहिलेले तीस टक्क्यांहून कमी आढळले. तेव्हापासून धारक दीर्घकाळ, काहींच्या मते आयुष्यभर, वापरावा या मताला बळ मिळाले. मागणी वाढत असतानाच जुनी घडण मागे सरते आहे.

जुनी रीत सुटू नये असा आग्रह येथे धरावयाचा नाही. व्हल्कनाइट गेले याचे दुःख कोणी करीत नाही. परंतु व्हल्कनाइट भाजणाऱ्यांनी आपल्या हातांचे ज्ञान लिहून ठेवले नाही, आणि इतरांनीही ते विचारून घेतले नाही. म्हणून त्या काळाविषयी आपल्यापाशी पेटंटे, खटले आणि दंतवैद्यांचे निबंध एवढीच साधने आहेत. तारकाम करणारी पिढी आज हयात आहे. आकडी वळविताना तार कोणत्या क्षणी ‘ऐकत नाही’ हे कसे कळते, हिरडी किती खरवडावी हे कोणी व कसे शिकविले, चिठ्ठीवरील कोणत्या शब्दाचा अर्थ प्रत्येक दंतवैद्यागणिक बदलतो, या प्रश्नांची उत्तरे अद्याप विचारून मिळण्यासारखी आहेत. मुंबई-पुण्यातील लहानमोठ्या प्रयोगशाळांतून मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणाने बनलेली कामाची जी बोली वापरात आहे, तिचा शब्दसंग्रह हे भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका वर्षात पुरे करता येण्याजोगे काम आहे. ते करताना एक पथ्य मात्र पाळावे. प्रत्येक क्रियापदाशेजारी ती क्रिया करणाऱ्याचे नाव, त्याची संमती घेऊन, लिहून ठेवावे.